प्रायोगिक हायड्रोजन आणि हायब्रीड बसगाड्यांचं पुढे काय होतं, आणि गोव्याने त्या मागाव्यात का?

म्हापशाहून रोज पणजीला बसने ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वीस वर्षांपूर्वी परदेशातल्या शहरांत हायड्रोजनच्या बसगाड्या धावतानाचे फोटो त्यांनी पाहिले होते. पुढे मुंबईत हायब्रीड, म्हणजे डिझेल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, बस आल्याची बातमी वाचली. मग त्या सगळ्या गेल्या कुठे? तंत्रज्ञान फसलं, की कुणी दाबून टाकलं? त्यांचा प्रवाशांचा गट सरकारला निवेदन देणार आहे, त्यात गोव्यासाठी हायड्रोजन बस मागावी का?

माझी सगळी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपात गेली. डिझेल इंजिनांपासून सुरुवात झाली, मग हायब्रीड गाड्या हाताखालून गेल्या, आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या देखभालीचं काम पाहतो. म्हणून हे उत्तर डेपोच्या बाजूने आहे. धोरण आखणाऱ्याला किंवा प्रयोगशाळेतल्या माणसाला काही गोष्टी वेगळ्या दिसतील, आणि ते साहजिक आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. गाडी चालते का, हा एक. ती सहाव्या वर्षीही रोज पहाटेच्या पहिल्या फेरीला डेपोच्या गेटमधून बाहेर पडते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळालं: चालते, आणि छान चालते. प्रायोगिक गाड्यांचं भवितव्य मात्र दुसऱ्या प्रश्नावर ठरलं. निवेदन लिहिताना हाच फरक धरून चला.

कुणी काही दाबून टाकलं नाही. २००३ ते २००६ या काळात युरोपातल्या नऊ शहरांत प्रत्येकी तीन अशा २७ मर्सिडीज सिटारो बसगाड्या फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या यंत्रावर, रोजच्या मार्गांवर धावल्या. ॲमस्टरडॅम, बार्सिलोना, हॅम्बुर्ग, लंडन, लक्झेंबर्ग, माद्रिद, पोर्तो, स्टॉकहोम आणि स्टुटगार्ट ही ती शहरं. तशाच तीन-तीन गाड्या आइसलँडमधल्या रेक्याविकला, ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आणि बीजिंगला दिल्या गेल्या. तुम्ही पाहिलेले फोटो बहुधा यातलेच असावेत. पर्थच्या गाड्या २००४ ते २००७ चालल्या आणि त्यांचा हायड्रोजन जवळच्या क्विनाना इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून येत होता. या गाड्या बंद झाल्या, कारण त्यांची मुदतच तेवढी होती. त्या चाचणीच्या गाड्या होत्या. चाचणी संपली की गाडी उभी राहणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.

त्या चाचणीतून मिळालेलं ज्ञान आजही वापरात आहे. त्या सिटारो गाड्यांत ब्रेकची ऊर्जा साठवायला बॅटरी नव्हती. फ्युएल सेलमधून निघालेली वीज सरळ मोटरला जायची आणि ब्रेक मारला की गतीची सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची. त्यामुळे दर १०० किलोमीटरला २० किलोहून जास्त हायड्रोजन लागायचा. पुढच्या पिढीच्या गाड्यांत बॅटरी आली, ब्रेकची ऊर्जा परत घेतली जाऊ लागली आणि तोच आकडा ८ ते १० किलोवर आला. म्हणजे आजची प्रत्येक हायड्रोजन बस आतून हायब्रीडच आहे. फक्त डिझेल इंजिनाच्या जागी फ्युएल सेल बसलेला आहे. हायब्रीड बस गेली कुठे, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिची मोटर, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणारा तिचा इन्व्हर्टर, तिची बॅटरी सांभाळणारी यंत्रणा आणि ब्रेकमधून वीज परत घेण्याची युक्ती इलेक्ट्रिक आणि हायड्रोजन गाड्यांत गेली.

आता ज्या गाड्या चाचणीसाठी नव्हे, प्रवाशांच्या रोजच्या सेवेसाठी घेतल्या आणि तरीही उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे वळू. शिकण्यासारखं तिथे जास्त आहे.

कॅनडातल्या व्हिसलर या डोंगरी गावात २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने २० हायड्रोजन बसगाड्या आणल्या. त्या वेळी जगात एका ठिकाणी एवढा मोठा ताफा कुठेच नव्हता. गाड्या न्यू फ्लायरच्या, फ्युएल सेल बॅलार्डचे, म्हणजे दोन्ही कॅनडातलेच नामांकित उत्पादक. पण हायड्रोजन यायचा देशाच्या दुसऱ्या टोकावरून, क्युबेकमधून, हजारो किलोमीटर ट्रकने. धूर न सोडणाऱ्या बसचं इंधन धूर सोडणाऱ्या ट्रकमधून येत होतं, आणि तो वाहतूक खर्च प्रत्येक किलोवर बसत होता. मार्च २०१४ मध्ये कार्यक्रमाची मुदत संपली. तो पुढे चालवण्याचा खर्च कुणी उचलला नाही. गाड्या बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी डिझेलच्या बसगाड्या आल्या.

फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने शहाणपण आधीच दाखवलं. ५१ हायड्रोजन बसगाड्या घ्यायचं ठरलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये महापौरांनी तो बेत रद्द केला. त्यांचा हिशेब सरळ होता: हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ सेंट, विजेवर १५ सेंट. गाड्या घ्यायला अनुदान मिळत होतं, चालवायला मिळत नव्हतं. जर्मनीतल्या वीसबाडेनने १० गाड्या घेतल्या, पण इंधन भरण्याचं केंद्र बिघडलं आणि २०२२च्या अखेरीस त्यांनी हायड्रोजन सोडून दिला. गाड्या जवळजवळ नव्या होत्या. बसमध्ये दोष नसताना पंपापायी गाडी बंद पडते, हे डिझेलवर वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या पटकन लक्षात येत नाही. डिझेलचा पंप बिघडला तर आपण पुढच्या पंपावर जातो. हायड्रोजनच्या बाबतीत पुढचा पंप नसतोच.

आणि उत्पादकांचं काय? फ्रान्समधल्या पो शहराने डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅन होल या बेल्जियन कंपनीच्या आठ लांब हायड्रोजन बसगाड्या मोठ्या हौसेने सुरू केल्या. व्हॅन होल एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. उत्तर आयर्लंडची राइटबस २०१९ मध्ये अशाच संकटातून गेली. तिला नवा मालक मिळाला आणि ती सावरली. ज्या डेपोत अशा गाड्या उभ्या असतात तिथल्या स्टोअरकीपरला ही बातमी व्यापाराच्या पानावरची वाटत नाही. त्याला प्रश्न पडतो, आता दरवाज्याचा कंट्रोलर कुणाकडून मागवायचा?

थोडं डेपोतल्या आयुष्याबद्दल सांगतो, कारण बातम्यांत ते येत नाही. जे सांगतोय ते मी जवळून पाहिलेल्या हायब्रीड गाड्यांचं आहे. कुठल्या शहराच्या, कुठल्या कंपनीच्या, हे महत्त्वाचं नाही. वाटचाल सगळीकडे तीच असते.

पहिलं वर्ष सुखाचं असतं. कंपनीचे इंजिनिअर डेपोत बसलेले असतात, लॅपटॉप जोडून रोज सकाळी गाडी तपासतात, सुटे भाग त्यांच्याच पेटीत असतात. ड्रायव्हर खूश, कारण गाडी धक्का न देता उठते. प्रवासी खूश, कारण ती थांब्यावर गुरगुरत उभी राहत नाही. दुसऱ्या वर्षी कंपनीची माणसं आठवड्यातून एकदा येऊ लागतात. मग वॉरंटी संपते. आता इन्व्हर्टर थंड ठेवणारा छोटा पाण्याचा पंप जातो. भाग किरकोळ, पण तो बाजारात मिळत नाही. मागणीपत्र, मंजुरी, परदेशातून आयात, असं करत गाडी महिनोन्‌महिने उभी. उभ्या गाडीची बॅटरी स्वतःहून उतरत जाते. पावसाळ्यात जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. उंदीर केबल कुरतडतात. तोवर दुसऱ्या गाडीचा सेन्सर जातो, आणि पहिली उभीच आहे म्हणून तिचा काढून दुसरीला लावतात. एकदा का एका गाडीचे भाग दुसरीला लावायला सुरुवात झाली की पहिली गाडी परत रस्त्यावर येत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी तितकंच वाईट वाटलं आहे, कारण त्या गाड्यांत खरोखर काही वाईट नव्हतं.

यात कुणी कामचुकार असतो असं समजू नका. डेपो मॅनेजरला रोज फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. त्याच्याकडे शंभर गाड्या एका प्रकारच्या आणि पाच वेगळ्या असतील, तर त्या पाचांसाठी वेगळे फिटर, वेगळी हत्यारं, वेगळे सुटे भाग आणि राखीव गाडी ठेवणं त्याला परवडत नाही. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायला प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे लागतात. दोघा फिटरना प्रशिक्षण दिलं आणि त्यातल्या एकाची बदली झाली, तर रजेच्या दिवशी गाडी उभी. वेगळेपणाची किंमत असते आणि ती लहान ताफ्याला सर्वात जास्त पडते. म्हणून 'आधी दोन-चार गाड्या आणून बघू' ही मागणी कितीही समजूतदार वाटली, तरी देखभालीच्या दृष्टीने ती सर्वात कठीण आहे.

हायब्रीडचं वेगळं सांगतो. आपल्या भागात दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत असलेली आहेत. नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाने २०१६ मध्ये व्होल्वोच्या पाच हायब्रीड बसगाड्या घेतल्या. २०१८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटांच्या २५ हायब्रीड गाड्या आणल्या आणि त्या बेस्टने चालवल्या. चांगली हायब्रीड बस गर्दीच्या शहरी मार्गावर २० ते ३० टक्के डिझेल वाचवते. हा आकडा खरा आहे, पण तो मार्गावर अवलंबून आहे. जिथे गाडी मिनिटा-मिनिटाला थांबते तिथे ब्रेकची ऊर्जा परत मिळते. मडगाव-पणजी शटलसारख्या मार्गावर गाडी एकदा सुटली की सरळ धावते. तिथे परत मिळवायला ऊर्जाच थोडी, आणि बॅटरी-मोटरचं वजन मात्र सबंध प्रवासभर वाहावं लागतं. चोर्ला घाटातून उतरताना उलटी अडचण. लहान बॅटरी अर्ध्या उतारातच भरते आणि पुढचा उतार नेहमीच्या ब्रेकवर काढावा लागतो.

शिवाय हायब्रीडमध्ये डिझेल इंजिन राहतंच. म्हणजे ऑइल, फिल्टर, इंजेक्टर, सायलेन्सर, सगळं आहे, आणि वर मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी. दोन्हींची देखभाल, दोन्हींचे सुटे भाग. लंडनची नवी दुमजली रूटमास्टर २०१२ मध्ये रस्त्यावर आली आणि अशा सुमारे हजार गाड्या बनल्या. २०१५ मध्ये त्यातल्या अनेकांच्या बॅटऱ्या निकामी झाल्याचं उघड झालं. अशा गाड्या जवळजवळ डिझेलवरच फिरत होत्या, आणि बॅटऱ्या वॉरंटीत बदलाव्या लागल्या. तिथे ताफा मोठा होता आणि उत्पादक वॉरंटीने बांधलेला होता, म्हणून ते निभावलं. पाच गाड्यांच्या मालकाला तेच संकट झेपत नाही.

आणि मग भारतात धोरण बदललं. २०१५च्या पहिल्या फेम योजनेत, म्हणजे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक आणि हायब्रीड वाहनांसाठीच्या अनुदान योजनेत, हायब्रीड बसला मदत मिळत होती. २०१९च्या दुसऱ्या टप्प्यात बसगाड्यांसाठीचा भर ७,०९० इलेक्ट्रिक गाड्यांवर गेला, आणि पैसा किलोमीटरच्या दरावर चालवणाऱ्या कंत्राटांकडे वळला. कंपनीनेच गाडी आणायची, तिनेच सांभाळायची, संस्थेने धावलेल्या किलोमीटरचे पैसे द्यायचे. हायब्रीड बसच्या नशिबाचा निकाल इंजिनिअरिंगने जितका लावला तितकाच या पद्धतीने लावला. बॅटऱ्या स्वस्त झाल्या, आणि मधला टप्पा म्हणून आलेल्या गाडीला मध्ये थांबण्याचं कारण उरलं नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर चाचणीच्या गाड्या मुदत संपली म्हणून गेल्या. सेवेतल्या हायड्रोजन गाड्या इंधनाचा दर आणि पंप यांपायी अडल्या. हायब्रीड गाड्या लहान ताफा, दुहेरी देखभाल आणि बदललेलं अनुदान यांत संपल्या. तिन्ही ठिकाणी गाडी रस्त्यावर चालत होती.

आता हायड्रोजनच्या खर्चाचं मूळ बघू, म्हणजे निवेदनाच्या बैठकीत कुणी विचारलं तर सांगता येईल. पाण्यापासून विजेने एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो ३५० बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ३५० पट) दाबाने टाकीत भरायला आणखी काही युनिट. बस १०० किलोमीटरला ८ किलो घेते असं धरलं तर सव्वाचारशे ते साडेचारशे युनिट झाले. तेवढ्याच आकाराची वातानुकूलित बॅटरी बस चार्जिंगची गळती धरूनही १२० ते १४० युनिटमध्ये तेवढंच अंतर कापते. म्हणजे त्याच फेरीला तिपटीहून जास्त वीज. पाण्यातून हायड्रोजन काढणारे इलेक्ट्रोलायझर सुधारतील, फ्युएल सेल सुधारतील, तरी वीज ते हायड्रोजन ते पुन्हा वीज हा फेरा राहणार आणि प्रत्येक पायरीवर गळती राहणार. गोवा आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून विकत घेतो. त्यामुळे हा तिप्पट आकडा आपल्याला कुणाही शेजाऱ्यापेक्षा जास्त बोचतो.

मग काही ठिकाणी हायड्रोजन टिकला तो कसा? दक्षिण कोरियात आज हजारांहून जास्त हायड्रोजन बसगाड्या आहेत. तिथे ह्युंदाई ही घरचीच कंपनी गाड्या बनवते, उल्सानसारख्या औद्योगिक शहरांत पेट्रोकेमिकल उद्योगातून हायड्रोजन निघतो आणि सरकार गाडी व इंधन दोन्हींना हात देतं. टोकियोत टोयोटाच्या सोरा गाड्यांचा ताफा आहे. त्यामागेही तसंच घरचं पाठबळ आहे. जर्मनीत कोलोनच्या परिसरातला ताफा वाढत गेला, कारण जवळच रासायनिक उद्योग आहे आणि संस्था दशकभर त्याच एका तंत्राला धरून राहिली. म्हणजे हायड्रोजन बस अशक्य आहे असं मी मुळीच म्हणत नाही. इंधन जवळ, उत्पादक जवळ, ताफा मोठा आणि मालक धीराचा, हे चार जमले तिथे ती जगली.

आपल्या देशातले प्रयोगही बघा. टाटा आणि इस्रो यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला इस्रोच्या केंद्रात फ्युएल सेल बस चालवून दाखवली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी ही तिथलीच कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन बस पुढे आली. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं ते काम आहे, कारण त्यातला फ्युएल सेल इथे विकसित झालेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन ऑइलने दिल्लीत टाटांच्या दोन गाड्या सुरू केल्या. एकूण पंधरा गाड्या मिळून तीन लाख किलोमीटरहून जास्त चालवून माहिती गोळा करणं हा त्यामागचा हेतू. लेहमध्ये एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने अशोक लेलँडच्या पाच गाड्या, १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि इंधन केंद्र असं सगळं एकत्र उभारलं. लेहची मांडणी मला सर्वात पटते. वीज, हायड्रोजन आणि पंप एकाच मालकाकडे, आणि गाड्या त्याच गावातल्या. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली ३७ बसगाड्या-ट्रक आणि नऊ इंधन केंद्रं असलेले पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले. त्यातल्या मार्गांत पुणे-मुंबई आहे. या सगळ्यांचा हेतू शिकणं हा आहे, आणि तसाच असायला हवा. उद्या यातल्या गाड्या थांबल्या तर 'फसलं' म्हणू नका. चाचणीत काय आढळलं ते प्रसिद्ध झालं का, हे विचारा.

आता गोवा. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून एकेक बाजू घेतो.

राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. पणजी-मडगाव जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास. म्हापसा-पणजी त्याहून बरंच कमी. हायड्रोजनचं बलस्थान म्हणजे लांब पल्ला आणि दहा-पंधरा मिनिटांत इंधन भरणं. ते इथल्या बहुतेक मार्गांना लागतच नाही. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, ताफ्यात २०२१ पासून इलेक्ट्रिक बसगाड्या आहेत. त्यांच्या एका चार्जमध्ये यातल्या कितीतरी फेऱ्या बसतात, दुपारच्या मोकळ्या वेळेत थोडं चार्जिंग केलं तर आणखी. ज्यांना हायड्रोजन खरोखर उपयोगी पडेल त्या गाड्या वेगळ्या आहेत: रात्रीच्या पुणे, मुंबई, हैदराबादच्या लांब पल्ल्याच्या. पण तिथे दुसऱ्या टोकालाही पंप हवा. पुणे-मुंबईचा प्रयोग यशस्वी झाला आणि पुण्यात केंद्र कायम झालं, तर पाच-सात वर्षांनी पणजी-पुणे मार्गाबद्दल बोलायला माझी काहीच हरकत नाही.

हवेचा मुद्दा कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. फ्युएल सेल बाहेरची हवा आत घेतो आणि त्यातला ऑक्सिजन वापरतो. आपली हवा खारी आहे. मिठातला सोडियम आतल्या पटलात शिरला तर त्याची वाहकता घटते आणि सेल हळूहळू मंदावतो. त्यासाठी खास फिल्टर लागतात, ते वेळेवर बदलावे लागतात आणि ते स्वस्त नसतात. मिरामार-दोनापावलाच्या किनारी मार्गावर वर्षभर धावलेल्या कुठल्याही गाडीचा खालचा पत्रा बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. दुसरं उष्णतेचं. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरावाटे निघून जाते. फ्युएल सेल साधारण ६० ते ८० अंशांवर चालतो आणि त्याची जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरमधून काढावी लागते. एप्रिल-मे मध्ये बाहेर ३५ अंश असताना त्यासाठी रेडिएटर मोठा, पंखे मोठे, आणि एसीचा भार वेगळाच. हे सगळं जमवता येतं. पण उत्तर युरोपच्या थंडीतला किलोमीटरचा आकडा इथे जसाच्या तसा मिळेल असं धरू नका.

वर्कशॉपचंही बघावं लागेल. हायड्रोजन सर्वात हलका वायू, गळला की वर छताकडे जातो आणि हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेऊ शकतो. ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. म्हणून शेडच्या छतात वायू अडकेल अशी खोबण नको, वरती सेन्सर हवेत, दिवे आणि पंखे ठिणगी न पाडणारे हवेत. सीएनजी गाड्या सांभाळलेल्या डेपोला हे अवघड नाही, पण आपल्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये तसाच कारभार चालणार नाही.

इंधन कुठून? झुआरीनगरच्या खत कारखान्यात अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनतो, हे कुणीतरी तुमच्या बैठकीत सांगेल. ते खरं आहे. पण तो हरित नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. शिवाय फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्धता लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तर नावालाही चालत नाही. वेगळं शुद्धीकरण, वेगळा कॉम्प्रेसर, वेगळी टाकी उभारावी लागेल. चार-पाच बसगाड्यांसाठी ते कुणी करणार नाही आणि करूही नये.

तर निवेदनात काय लिहावं? माझा सल्ला स्पष्ट आहे: आज गोव्यासाठी हायड्रोजन किंवा हायब्रीड शहर बस मागू नका. असलेल्या इलेक्ट्रिक गाड्या रोज किती धावतात, किती ऑफ-रोड, म्हणजे बिघडून उभ्या, असतात आणि का, हे दर महिन्याला जाहीर करण्याची मागणी करा. ही माहिती डेपोत रोज लिहिली जाते, त्यामुळे ती देण्यात नवा खर्च नाही. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, ती संपल्यावर बदलायचा खर्च कुणाचा, कंपनी बंद पडली तर सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात, हे कंत्राटात आहे का तेही विचारा. पोरवरी, मडगाव, वास्कोच्या डेपोंतल्या आपल्याच फिटरना हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण द्या असं लिहा. आपल्या आयटीआयमधून शिकून आलेली मुलं हे काम उत्तम करू शकतात. मी त्यांना काम करताना पाहिलं आहे आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पावसाळ्यात वीज गेली तर चार्जिंगची पर्यायी सोय काय, याचंही उत्तर मागा.

आणि तुमच्या गटातल्या कुणाला हायड्रोजनचा आग्रहच असेल, तर त्याचं मन मोडू नका, मागणी नीट लिहा. गाडी दाखवायला आणू नका म्हणावं. त्याऐवजी इंधन पुरवणाऱ्याशी किमान दहा वर्षांचा, किलोचा दर ठरलेला करार मागा, पंप बिघडला तर फेऱ्या कोण भरून काढणार ते लिहून घ्या, किमान पंचवीस-तीस गाड्यांचा एकाच प्रकारचा ताफा आणि पहिल्या वर्षी निर्मात्याच्या माणसांबरोबर काम करणारे आपले फिटर मागा. एवढ्या अटींना होकार देणारा पुरवठादार पुढे आला, तर त्याचं कंत्राट बारकाईने वाचा आणि मलाही दाखवा. देखभालीची कलमं मी आनंदाने तपासून देईन.